दोनशे सातमधला गारवा

१

ऑगस्टातल्या दुपारी, इजिप्तच्या समुद्रकाठी, हुरगाद्यात चोरी करण्याइतकी ताकद माणसात उरते तरी कुठे, हा अम्म बयूमीला पडलेला पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न म्हणजे ही बाई ओरडायची कधी थांबणार.

तो हॉटेल अबू गलंबोच्या दारात, प्लास्टिकच्या खुर्चीत, मानेवर ओला रुमाल टाकून बसला होता. अबू गलंबो म्हणजे खेकडा. मालकानं नाव कौतुकानं ठेवलं खरं, पण हॉटेलचं सगळंच त्या जनावरासारखं आडवं. लिफ्ट चालत नाही. खोलीत फ्रिज आहे, तो गार करत नाही. समुद्र दिसतो, पण त्यासाठी बाल्कनीच्या कठड्यावरून अर्धं बाहेर लोंबकळावं लागतं. दारात सामान तपासायची लोखंडी चौकट उभी आहे, ती कधीच बंद पडली, आणि म्हणूनच बयूमीला नोकरी आहे. उभा जन्म पोलिसात गेला, गुडघे गेले, आता लहानथोर सगळे त्याला अम्म म्हणतात, म्हणजे काका. तो येणाऱ्याजाणाऱ्याच्या पिशवीकडे बघितल्यासारखं करतो आणि चहा पितो.

"चोरांचं घर आहे हे! माझ्या लेकीचं सोनं नेलं हो! त्या टॉवेलवाल्यानं नेलं! लमई चोर आहे!"

उम्म आशूर जिना उतरत होती. सोहाग नावाच्या गावची विधवा बाई, अंगानं भरभक्कम, आवाज त्याहून भरभक्कम. मागून तिची मुलगी शुरूक, तोंड पांढरंफटक पडलेलं. तिच्यामागे होणारा जावई मुंतसिर, बगलेत नव्या पडद्यांचं गाठोडं. आणि सगळ्यांत मागे लमई. खोल्या झाडणारा, चादरी बदलणारा, पन्नाशीचा वाळका माणूस. तो हातातल्या टॉवेलची घडी उलगडत होता आणि पुन्हा घालत होता.

काउंटरमागून मालक वगदी बे, म्हणजे वगदीसाहेब, धावत आले. "हळू बोला बाई, पाहुणे झोपलेत."

"झोपलेत? उठवते ना! मोबाइलवर टाकते सगळं. अख्ख्या मिसरला कळू दे अबू गलंबोत काय चालतं ते!"

वगदी बेंच्या तोंडचं पाणी पळालं. ऐन हंगाम होता, आणि या किनाऱ्यावर हॉटेलं कमी नाहीत.

"सापडेल, सापडेल," ते म्हणाले. "सूर्य मावळेपर्यंत, सूर्य मावळेपर्यंत, मगरिबच्या अजानपर्यंत वेळ द्या. नाही सापडलं तर लमईला मी माझ्या हातानं ठाण्यात पोचवतो."

लमईनं मान वर केली. "बे..."

"गप. बयूमी, ऊठ. पगार कशाचा घेतोस?"

बयूमीनं बाहेर बघितलं. ऊन अजून रस्त्यावर ठाण मांडून होतं. असरची, तिसऱ्या प्रहरची अजान नुकतीच झाली होती, म्हणजे मगरिबपर्यंत फार वेळ नव्हता. ठाण्यात एकदा नाव गेलं की मग सोनं सापडो न सापडो, लमईच्या हातात या किनाऱ्यावर कुणी झाडूसुद्धा देणार नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्यानं गुडघ्यांवर हात दाबले आणि तो उठला.

२

"तू कपाट उघडलंस का?"

दोघं तळघरात, धुण्याच्या खोलीत बसले होते. चादरींचा ढीग, साबणाचा वास, आणि असा उकाडा की भिंतींना घाम फुटलेला.

"नाही, अम्म बयूमी. कुमारी मरियमची शपथ." लमईच्या मनगटावर लहानपणी गोंदलेला क्रॉस होता, त्यावरून तो सारखा अंगठा फिरवत होता. "ओढणी खुर्चीवर पडलेली होती."

"कुठली ओढणी?"

मग सगळं बाहेर आलं. लमई टॉवेलांचे प्राणी करतो. सगळ्या किनाऱ्यावर करतात: हंस, हत्ती, मगर. पलंगावर मांडायचे, पाहुण्याचा चष्मा नाही तर टोपी त्यांच्या डोक्यावर घालायची, म्हणजे पाहुणा खूश. आज दोनशे सातमध्ये त्यानं टॉवेलची आजीबाई केली होती आणि तिला उम्म आशूरची काळी ओढणी पांघरवली होती.

"वाटलं, हसतील," तो म्हणाला. "त्या म्हणतात ओढणी कपाटात होती. ओढणी घ्यायला कपाट उघडलंस, तिथंच सोनं दिसलं, म्हणतात."

"गाढवा, सोहागच्या विधवेची ओढणी टॉवेलाला पांघरवतोस?"

लमईला हसू यायला हवं होतं, पण त्याचे डोळे भरले. "दोन पोरी आहेत मला गावाकडे, मिन्यात. एकीला बघायला येणारेत. बाप चोर म्हणून पकडला गेला कळलं तर कोण उंबरा चढेल?"

 बयूमीनं पुढचं विचारलं. "खोली झाडून झाल्यावर काय केलंस?"

"नेहमीचंच. भिंतीच्या खाचेतलं कार्ड काढलं, टेबलावर ठेवलं."

दाराजवळच्या खाचेत कार्ड घातलं की खोलीतली वीज सुरू होते. पाहुणे जाताना तिथं कसलंही कार्ड खुपसून जातात, म्हणजे परत येईपर्यंत एसी चालू राहतो. आणि लमईनं ते कार्ड काढायचं, असा वगदी बेंचा सक्त हुकूम होता. विजेचं नाव काढलं की बेंना कापरं भरतं.

"मग खोली बंद. एसी बंद."

"बंद. पश्चिमेची खोली ती. दुपारी तिथं पाव भाजून निघेल."

"आणि दुपारी तू कुठं होतास?"

"इथंच. बे स्वतः माझ्या बोकांडी बसले होते. चादरी कमी भरतात म्हणून दुपारभर मोजायला लावल्या. विचारा त्यांना."

बयूमी उठला. जिना चढताना त्याला लमईची कीव आली, स्वतःचीही आली, आणि लिफ्ट दुरुस्त न करणाऱ्या वगदी बेंना त्यानं मनातल्या मनात चार शिव्या घातल्या.

३

दोनशे सातमध्ये टॉवेलची आजीबाई जमिनीवर चोळामोळा होऊन पडली होती. उम्म आशूर पलंगावर बसून मांड्यांवर हात मारत होती.

"बसा अम्म बयूमी. आमचं घर बुडालं म्हणून काय पाहुण्याला उभं ठेवू? शुरूक, पाव काढ."

"नको बाई, मी कामाला..."

"खा म्हणते ना! उपाशी माणसाला चोर सापडतो का?"

खाण्यातून सुटका नव्हती. घरचा, उन्हात फुगवलेला पाव पुढे आला. खाता खाता बयूमीनं सगळं विचारून घेतलं. मुंतसिर हुरगाद्यातच बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. त्यानं फ्लॅट घेतला, तो बघायला मायलेकी आल्या. लग्नाआधी त्याच्या घरी राहणं शोभत नाही, म्हणून हे हॉटेल. सोनं म्हणजे शुरूकचा शबका, साखरपुड्याला मुंतसिरनं घातलेल्या बांगड्या आणि अंगठी. उद्या उम्म आशूर ते घेऊन जुन्या बाजारातल्या सोनाराकडे जाणार होती. बांगड्या पोरीच्या मनगटात ढिल्या होतात, त्या देऊन घट्ट घ्यायच्या होत्या.

"हे कधी ठरलं?"

"आज सकाळी नाश्त्याला. मग मी आणि मुंतसिर फ्लॅटवर गेलो, तिथून पडदे घ्यायला. हिचं डोकं दुखत होतं, म्हणून ही समुद्रावर बसली. किल्ली काउंटरवर."

काउंटरमागच्या खिळ्यावर. दुपारी तिथं काळं कुत्रं नसतं, हे बयूमीला माहीत होतं. ती किल्ली कुणीही उचलली असती.

"मुंतसिर दिवसभर तुमच्याबरोबर?"

"एक क्षण सुटला नाही बिचारा. पडद्यांचं गाठोडं वाहून खांदा गेला त्याचा."

मुंतसिर भिंतीला टेकून उभा होता. सोनं गेलेला माणूस चिडतो, निदान चौकशी तरी करतो. हा गप्प होता. बयूमीला ते जरा विचित्र वाटलं.

"आणि तू, पोरी? समुद्रावरच?"

"हो, अम्म," शुरूक म्हणाली. "दिवसभर." तिच्या हातात लिंबाची फोड होती. ती तिनं मनगटावर चोळली आणि हात बाहीत ओढून घेतला.

"परत आलात तेव्हा काय दिसलं?"

"काय दिसणार!" उम्म आशूर म्हणाली. "बाहेर नुसती भट्टी. खोलीत पाऊल टाकलं, काय गार वाटलं म्हणून सांगू! वाटलं, आता अंग टाकावं. म्हणून अंगावरची ओढणी ठेवायला कपाट उघडलं, तर..."

बयूमीचा पाव तोंडापाशीच थांबला. "गार वाटलं?"

"मस्त गार."

तिनं झडप लावलेल्या खिडकीतला डबा ओढला. दूध पावडरचा जुना, मोठा डबा. "हा घ्या, तूप लावून खा. फ्लॅटवरच्या स्वयंपाकघरात पहिला डबा मुलीच्या आईनं द्यायचा असतो, म्हणून आणलंय. आणि हे बघा, हा पिशवीत होता. उन्हाच्या खिडकीत कुणी ठेवला? त्या मेल्यानंच!" चमचा तुपात गेला आणि तिचा चेहरा पडला. "अरे देवा. काल रात्री उघडलं तेव्हा कसं रवाळ होतं! आता बघा. नुसतं मेण. तुमच्या हॉटेलनं माझं तूपसुद्धा नासवलं!"

बयूमीनं तुपाकडे बघितलं. घट्ट, गुळगुळीत, चमच्याला चिकटणारं. त्याची आई किना गावची होती, म्हशी होत्या त्यांच्याकडे. तूप कढवलं की आई कुणाला डब्याला हात लावू देत नसे. सावकाश थिजलं तरच रवा धरतं, घाईनं थिजवलं की असं होतं.

पण बंद, तापलेल्या खोलीत ते थिजलंच कसं?

४

खालच्या एकशे सातमध्ये ल्युदमीला राहते. रशियाची म्हातारी, हिवाळा नको म्हणून आली आणि उन्हाळा आला तरी गेली नाही. तिला अरबी येतं, पण फक्त तक्रारीपुरतं.

"तू! चांगलं झालं आला!" तिनं बयूमीला दारातच धरलं. "वरचा एसी मला भिजवतो. मी बाल्कनीत पाय वर करून बसते, वरून टप, टप, टप! छत्री घेतली शेवटी. छत्री! इथं पाऊस नाही, आणि मी छत्रीत!"

"कधी?"

"दुपारी. अल्ला हू अकबर झालं, मग मी काकडी खाल्ली, मग सुरू. असा आवाज, जसा ट्रॅक्टर! फार वेळ. सगळी झोप गेली."

"सकाळी नाही?"

"सकाळी शांत. मग दुपारी, मग तो जाड बाई ओरडेपर्यंत थोडं आधी बंद." ती थांबली. "कुणी मेलं काय?"

"अजून नाही," बयूमी म्हणाला.

वगदी बे ऑफिसमध्ये पंख्यापुढे बसले होते. बयूमीनं त्यांना सांगितलं: लमईनं सकाळी वीज काढली. दुपारी दुसऱ्याच कुणीतरी खोलीत शिरून एसी लावला आणि चांगला वेळ लावून ठेवला. लमई तेव्हा तुमच्यासमोर चादरी मोजत होता.

बेंनी आधी एसीचं बिल मनात केलं, ते त्यांच्या तोंडावर दिसलं. मग म्हणाले, "म्हणजे? सोनं त्यानं सकाळीच नेलं असेल. दुपारी आणखी कुणी वारा खाऊन गेलं. गारवा हा काय पुरावा आहे? ठाण्यात जाऊन सांगू का, साहेब, खोली गार होती?"

"चोर वारा खात बसत नाही, बे."

"ते मला कळत नाही. मला सोनं दाखव. नाही तर लमई."

बोलणं बरोबर होतं, हीच तर पंचाईत. बयूमी बाहेर आला. हॉलच्या दाराशी लमई खुर्चीत बसला होता. येणारेजाणारे पाहुणे त्याच्याकडे बघत होते आणि आपापल्या पोरांना जवळ ओढत होते. एका बाईनं पर्स काखेत घट्ट धरली.

बयूमीला भयंकर थकवा आला. घरी जावं, पाण्याच्या टबात पाय सोडून बसावं, असं वाटलं. कुणाचं सोनं, कुणाचं तूप! पण ती पर्स त्याच्या नजरेतून हलेना. तो समुद्राकडे निघाला.

वाळू अजून पोळत होती. शुरूक पाण्याच्या कडेला एकटीच उभी होती, आणि मनगट धूत होती.

५

"लिंबानं जात नाही ते," बयूमी म्हणाला. "खारं पाणी तर ते आणखी वाढवतं."

शुरूक दचकली. तिनं हात मागे घेतला, पण त्याला दिसायचं ते दिसलं होतं. मनगटाभोवती हिरवट काळपट कडं. सोनं असं उमटत नाही.

तो वाळूवरच बसला. बसताना 'आई गं' म्हणाला. "हे बघ पोरी, मी म्हातारा माणूस आहे, मला गोलगोल बोलायचा कंटाळा येतो. मी सांगतो, चुकलं तर तू दुरुस्त कर. तुपाचा डबा पिशवीत होता. कुणीतरी तो खिडकीत, उन्हात ठेवला. कशाला? तूप पातळ व्हावं म्हणून. मग खिडकीची झडप लावली, एसी लावून खोली गार केली. कशाला? तेच तूप पुन्हा थिजावं म्हणून. चोराला तुपाशी काय करायचंय? पातळ तुपात काही सोडलं तर ते तळाशी जातं. पण डबा उचलला की आत वाजतं. थिजलं की वाजत नाही."



"तो डबा उद्यापरवा मुंतसिरच्या फ्लॅटवर जाणार. म्हणजे तुझ्याच स्वयंपाकघरात. तिथं तू निवांत काढलं असतंस. परक्याला त्याचा काय उपयोग? आणि आईला तर सोनाराकडे जायचंच होतं, ती कशाला लपवेल? राहिलीस तू. दिवसभर समुद्रावर होतीस म्हणालीस, आणि दुपारभर समुद्रावर बसलेली गोरी पोर अशी पांढरी राहत नाही."

शुरूक मटकन खाली बसली. "सोनं नाहीये ते," ती म्हणाली. "चिनी आहे. वरून मुलामा. पहिल्या संध्याकाळी आम्ही पाण्यात उतरलो आणि हात हिरवा झाला."

"मुंतसिरला माहीत आहे?"

"त्यानंच घेतलं ना! पण मला कळलंय हे त्याला माहीत नाही." तिला रडू फुटलं. "अम्म, त्यानं सगळं त्या फ्लॅटमध्ये घातलं. मी बघितलाय. नळसुद्धा स्वतः बसवलेत त्यानं. आई उद्या सोनाराकडे जाणार म्हणाली तेव्हा त्याच्या हातातला चहा सांडला. मला दुसरं काही सुचलंच नाही. सोनारानं सांगितलं असतं तर आई लग्न मोडेल, आणि सोहागमध्ये दारोदार सांगत सुटेल. तो मेला असता हो लाजेनं."

"आणि लमई?"

"मला वाटलं, हॉटेल बघून घेईल. माणसावर येईल असं खरंच वाटलं नाही."

"माणसावरच येतं, बाळा. हॉटेलला कोण चोर म्हणतं?"

ती हुंदके देत राहिली. मग तिनं त्याच्या बाहीचा काठ धरला. "तुम्ही म्हणा ना, कपाटामागे सापडलं. किंवा नाहीच सापडलं. मी लमईकाकांना..."

बयूमीला क्षणभर ते सोपं वाटलं. कपाटामागे सापडलं म्हणायचं, चहा प्यायचा, झोपायचं. पण मग लोक म्हणणार, पकडला जाईल म्हणून लमईनंच टाकलं असेल. त्यानं असे प्रसंग पाहिले होते. माणूस सुटतो, नाव सुटत नाही.

"मी तुझ्याविषयी एक शब्द बोलणार नाही," तो म्हणाला. "मगरिबपर्यंत. डबा तुझा, तोंड तुझं. तू आली नाहीस तर मग मी बोलेन, आणि मी बोललो तर सगळंच बोलेन."

त्याला उठता येईना. शेवटी तिनंच हात देऊन त्याला उठवलं.

६

जेवणाच्या हॉलमध्ये मॅकरोनी आणि कोमट भात मांडला होता. खिडकीबाहेर सूर्य वाळवंटाकडे कलला होता. वगदी बे मोबाइल हातात घेऊन उभे. उम्म आशूर मधल्या टेबलाशी बसून, जो कोणी विचारेल त्याला पहिल्यापासून सगळं सांगत होती. लमई दाराशीच होता. त्यानं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.

"झालं तुझं, बयूमी?" बे म्हणाले. "करू का फोन?"

बयूमी दाराकडे बघत होता. पोर येत नव्हती. आपण फार भोळे आहोत, असं त्याला वाटायला लागलं.

बेंनी नंबर लावायला सुरुवात केली आणि शुरूक आत आली. पोटाशी डबा धरलेला. ती थेट मधल्या टेबलाशी गेली, झाकण काढलं, बाही वर केली आणि हात कोपरापर्यंत तुपात घातला.

"अगं भवाने, काय करतेस!" आई ओरडली. "फ्लॅटचं तूप ते!"

शुरूकनं एक बांगडी काढली, मग दुसरी, मग बाकीच्या, मग अंगठी. टेबलावर तूप निथळत होतं. हॉलमधले काटेचमचे थांबले.

"मी ठेवलं होतं," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण मोठा होता. "लमईकाकांनी हातसुद्धा लावला नाही. मीच ठेवलं."

"का? का म्हणून?"

शुरूकनं बयूमीकडे बघितलं, मग मान खाली घातली. "मला बदलून दुसऱ्या नको होत्या. त्यानं घातलेल्या होत्या त्या. म्हणून."

उम्म आशूरचा हात उचलला गेला. तो गालावर बसणार, तेवढ्यात मुंतसिर मध्ये आला. एवढा वेळ गप्प असलेला माणूस, पण आता बोलला तो सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"तिला मारू नका, उम्म आशूर. ती खोटं बोलतेय, माझ्यासाठी. ते सोनं नाहीये. चिनी आहे." त्यानं ओठांवरून जीभ फिरवली. "मी जमवत होतो, भाव पळत होता. मी धावत होतो, तो पुढेच. लग्नानंतर खरं घालीन असं ठरवलं होतं. तुम्हाला फसवलं मी."

"तुला कळलं होतं?" त्यानं शुरूकला विचारलं. तिनं हिरवं मनगट पुढे केलं. मुंतसिरनं ते बघितलं आणि तिथंच, सगळ्यांसमोर, डोळ्यांवर हात घेतला.

आता ज्वालामुखी फुटणार म्हणून वगदी बे चार पावलं मागे सरकले. पण उम्म आशूर ओरडली नाही. तिनं एक बांगडी उचलली, ओढणीच्या टोकानं पुसली, उजेडात धरली आणि खाली ठेवली. तिचा चेहरा एकदम म्हातारा दिसला.

"तुझं नंतर बघते," ती मुंतसिरला म्हणाली. "आधी याचं."

ती उठून लमईसमोर जाऊन उभी राहिली. "लमई, तुझा हक्क माझ्याकडे आहे, तुझं देणं लागते मी. आमच्याकडे हक्क ठेवून घेत नाहीत. माग, काय मागायचं ते."

"मिटलं, मिटलं!" वगदी बे मध्ये पडले. "लमई, जा बघू कामाला. बाईंनी मोठ्या मनानं..."

"तुम्ही गप बसा हो!" बाई त्यांच्यावर खेकसली. "माग, लमई."

लमई उभा राहिला. टॉवेल अजून हातातच होता. 

"बाई, तुम्ही दुसऱ्या मजल्यावरून मला चोर म्हणत खाली आलात. वरही ऐकू गेलं, खालीही गेलं. उद्या सकाळी मला त्याच दारांवर टकटक करायचंय. लोक दार उघडतील, आणि आधी पाकीट खिशात घालतील." त्यानं जिन्याकडे बोट केलं. "मला दुसरं काही नको. प्रत्येक मजल्यावर जा. आणि त्याच आवाजात सांगा."

"लिफ्ट बंद आहे," बे पुटपुटले.

उम्म आशूरनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिनं ओढणी सारखी केली आणि जिन्याकडे निघाली. चार मजले. तिचे गुडघे बयूमीच्या गुडघ्यांहून काही बरे नव्हते, पहिल्याच पायरीवर ते दिसलं. मुंतसिर पळत गेला आणि त्यानं हात पुढे केला. तिनं तो झटकला.

सगळा हॉल जिन्याच्या तोंडाशी गोळा झाला. पहिल्या मजल्यावरून आवाज आला, तोच, भरभक्कम: "लमई चोर नाही! ऐकलंत का? आमचंच सोनं आमच्याच घरात होतं! लमई चोर नाही!" ल्युदमीलाचं दार उघडल्याचा आवाज झाला आणि तिनं रशियनमध्ये काहीतरी विचारलं. तिला तेच पुन्हा, आणखी मोठ्यानं ऐकवण्यात आलं.

दुसऱ्या मजल्यावर बाई धापा टाकत होती, ते खालीही ऐकू येत होतं. मुंतसिरनं पुन्हा हात पुढे केला, तिनं पुन्हा झटकला आणि ओरडली. दारं उघडली, मिटली.

तिसऱ्यावर जाता जाता ती थांबली. बयूमीनं जिन्याच्या मधल्या पोकळीतून वर मान केली. बाई कठड्याला धरून उभी होती. शुरूक एक पायरी मागे, मुंतसिर बाजूला, हात तसाच पुढे केलेला. बाई बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिली. मग तिनं तो धरला, चांगला घट्ट, आणि सगळा भार त्याच्यावर टाकून पुढची पायरी चढली.

मगरिबची अजान सुरू झाली. तिघंही जिन्यातच थांबले. अजान संपली, आणि मग तिसऱ्या मजल्यावरून, आणि थोड्या वेळानं अगदी वरून, चौथ्यावरून, फाटलेल्या आवाजात तेच शब्द आले.

लमईनं टॉवेल तोंडावर धरला आणि तो हमसून हमसून रडायला लागला. मघाशी पर्स काखेत धरलेली बाई त्याच्यासाठी पाण्याचा ग्लास घेऊन आली. बयूमीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ तिथंच राहू दिला.